टीपी-लिंकच्या आर्चर सी७ राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी: कुणी टाकावं, कुणी नादाला लागू नये

आधीच सांगतो, वायफायची रेंज वाढेल किंवा १०० एमबीपीएसचा प्लॅन १५० ने पळेल म्हणून कुणी ओपनडब्ल्यूआरटी (राउटरचं मूळ फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर काढून त्याजागी टाकायचं खुलं सॉफ्टवेअर) टाकणार असाल तर राहू द्या. लाइन जेवढी आहे तेवढीच राहते, आणि रेंज अँटेना, राउटर ठेवायची जागा आणि तुमच्या भिंती यांच्यावर ठरते. सेटिंगमध्ये कंट्री कोड म्हणून भारत निवडायचा असतो आणि मग त्या नियमात बसेल तेवढीच पॉवर मिळते. दुसरा देश टाकून पॉवर वाढवायचे व्हिडिओ भरपूर आहेत, एक तर ते बेकायदा, वर राउटर ओरडला तरी तुमच्या मोबाइलचा आवाज तेवढाच, त्यामुळे लांबच्या खोलीत दांड्या फुल आणि नेट ठप्प असा प्रकार होतो.

मग टाकलं कशाला? पिंगसाठी (म्हणजे डेटा जाऊन परत यायला लागणारा वेळ), आणि अपडेटसाठी.

आमच्याकडे लोकल केबलवाल्याचं फायबर आहे, १०० एमबीपीएस. स्पीड टेस्ट कधीही लावा, ९५ च्या वरच दाखवते, केबलवाल्याला फोन केला की तो पण तेच म्हणणार "साहेब लाइन ओके आहे". आणि लाइन ओकेच असते हो. पण संध्याकाळी बायकोचा मोबाइल दिवसभराचे फोटो क्लाउडवर चढवायला लागला की त्याच वेळी पोराच्या गेममध्ये पिंग उड्या मारायचा आणि माझ्या व्हिडिओ कॉलमध्ये माझाच आवाज रोबोटसारखा व्हायचा. याला बफरब्लोट म्हणतात. अपलोड फुल झालं की पुढच्या म्हणजे केबलवाल्याच्या डब्यात पॅकेटांची (डेटाच्या तुकड्यांची) लांबलचक रांग तुंबते, गेमचं इवलंसं पॅकेट त्या फोटोंच्या मागे उभं राहतं आणि सगळं लॅग. स्पीड टेस्टच्या मोठ्या आकड्यात हे दिसत नाही कारण तो फक्त किती एमबी गेले तेच सांगतो. नेट वापरात असताना पिंग किती चढतो ते बघणाऱ्या वेगळ्या बफरब्लोट टेस्ट आहेत, त्या ए पासून एफ पर्यंत ग्रेड देतात, त्यातली एक आधी लावून बघा. तुम्हाला ए येत असेल आणि राउटर नवा असेल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

ओपनडब्ल्यूआरटीमध्ये यावर एसक्यूएम नावाचं, पॅकेटांची रांग सांभाळणारं पॅकेज (वरून टाकायचं जोड-सॉफ्टवेअर) आहे आणि त्यात केक नावाची पद्धत निवडता येते. करायचं एवढंच की डाउनलोड-अपलोडचे आकडे लाइनच्या खऱ्या स्पीडपेक्षा थोडे खाली टाकायचे, म्हणजे १०० ची लाइन असेल तर ९० वगैरे. यामुळे रांग केबलवाल्याच्या डब्यात न लागता तुमच्या राउटरमध्ये लागते, आणि इथे ती कशी लावायची ते तुमच्या हातात असतं. पंढरपूरला पदस्पर्शाची आणि मुखदर्शनाची रांग वेगळी असते ना, तसं पटकन जाणारी छोटी पॅकेटं वेगळी काढली जातात आणि फोटोवाले आपले मागून सावकाश. शिवाय घरातल्या एकाच मोबाइलने सगळी लाइन खाऊ नये म्हणून डिव्हाइसप्रमाणे वाटणी करायची सोय पण आहे, त्यासाठी अॅडव्हान्स्ड खात्यात जाऊन एकदोन शब्द टाकावे लागतात, ओपनडब्ल्यूआरटीच्या विकीवर दिलंय. आमच्या घरी हे चालू केल्यावर टेस्टची ग्रेड सी वरून ए झाली आणि संध्याकाळची ती "बाबा कोण डाउनलोड करतंय" ही आरोळी बंद झाली. स्पीड टेस्टमध्ये ८-१० एमबी कमी दिसतात, ते सोडून द्यायचे. या सगळ्यामागे ज्यांनी वर्षानुवर्षं डोकं खपवलं त्यातला डेव्ह टाट २०२५ च्या एप्रिलमध्ये गेला, फारशी कुठे बातमी आली नाही, पण आज जगभरातले व्हिडिओ कॉल नीट चालतात त्यात या माणसाचा वाटा मोठा आहे.

दुसरं कारण अपडेट. घरातला राउटर ही अशी वस्तू आहे की एकदा भिंतीला ठोकली की कुणी परत बघत नाही, आणि साधारण बघितलं तर कंपन्या काही वर्षांत त्या मॉडेलचे अपडेट बंद करून नवीन मॉडेलच्या मागे लागतात. २०१८ च्या मे महिन्यात व्हीपीएनफिल्टर नावाचा मालवेअर सापडला होता, पाच लाखांच्या वर राउटर आणि स्टोरेजचे डबे, ५० पेक्षा जास्त देशांत, शेवटी एफबीआयने लोकांना राउटर रीबूट करा म्हणून सांगितलं होतं. ओपनडब्ल्यूआरटी २००४ पासून चालूये, सुरुवात झाली ती लिंकसिस कंपनीच्या निळ्या-काळ्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरमुळे, त्यात लिनक्स वापरलंय हे लोकांनी शोधून काढलं आणि जीपीएल लायसन्समुळे (लिनक्सचा कोड वापरून वस्तू विकली तर तो कोड खुला द्यावा लागतो) कंपनीला सोर्स कोड खुला करावा लागला. मध्ये २०१६ ला प्रोजेक्टमध्ये भांडणं होऊन लीडी नावाची वेगळी चूल मांडली गेली, २०१८ ला परत एकत्र आले. २४.१० ही सिरीज फेब्रुवारी २०२५ ला आली, आणि सी७ सारख्या जुन्या राउटरला ती चालते. मला वाटतं हा एकच मुद्दा पुरेसा आहे. (जुन्या व्हर्जनना कॉकटेलची नावं असायची आणि लॉगिन केलं की स्क्रीनवर त्या दारूची रेसिपी यायची. आता नुसते आकडे. मजा गेली.)

राउटरबद्दल. माझा टीपी-लिंक आर्चर सी७, व्हर्जन ५. १६ एमबी फ्लॅश (फर्मवेअर साठवायची जागा), १२८ एमबी रॅम, सगळे पोर्ट गिगाबिट, वायफाय ५. प्रोसेसर ७५० मेगाहर्ट्झचा एकच कोर आहे आणि हे लक्षात ठेवा कारण खाली ते नडणार आहे. ओपनडब्ल्यूआरटीच्या साइटवर टेबल ऑफ हार्डवेअर म्हणून भली मोठी यादी आहे, त्यात तुमचं मॉडेल आणि व्हर्जन बघायचं. व्हर्जन राउटरच्या खालच्या स्टिकरवर असतं. नाव तेच, डबा तोच, आणि आतली चिप पूर्ण वेगळी असं सर्रास होतं. आपल्याकडे घराघरात दिसतो तो डब्ल्यूआर८४१एन घ्या, त्याच्या बऱ्याच व्हर्जनमध्ये ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅम आहे, त्यात आजचं ओपनडब्ल्यूआरटी बसतच नाही, १३ व्या व्हर्जनमध्ये ८ आणि ६४ आहे म्हणजे कसंबसं. तो राउटर असेल तर उगाच वेळ घालवू नका. ब्रॉडकॉमची वायफाय चिप असेल तरी सोडून द्या, ड्रायव्हर खुले नसल्यामुळे वायफायची बोंब असते. आणि नेट कंपनीने कनेक्शनसोबत दिलेला ओएनटी (फायबर येतं तो डबा), तो तर तुमचा नसतोच, त्याला हात लावायचा नाही, त्याच्या पुढे आपला राउटर जोडायचा.

टाकायची प्रक्रिया सी७ ला अगदीच सोपी आहे, खरंच. ओपनडब्ल्यूआरटीच्या फर्मवेअर सिलेक्टरवर मॉडेल टाकलं की दोन फाइल दिसतात, फॅक्टरी आणि सिसअपग्रेड. मूळ फर्मवेअरवरून पहिल्यांदा जाताना फॅक्टरी, एकदा ओपनडब्ल्यूआरटी आलं की नंतर कायम सिसअपग्रेड. मग राउटरच्या नेहमीच्या पानावर जाऊन अपग्रेडमध्ये ती फाइल द्यायची. लॅपटॉप वायरने जोडलेला हवा, वायफायवरून हे करू नका. आणि महाराष्ट्रात राहत असाल तर लाइटचा भरवसा धरू नका, राउटरला तो छोटा १२ व्होल्टचा यूपीएस असेल तर लावून घ्या, नसेल तर महावितरणचा मेसेज बघून मुहूर्त काढा कारण फ्लॅश होताना लाइट गेली तर राउटर लटकतो. लटकला तरी सी७ मरत नाही पण. लॅपटॉपला १९२.१६८.०.६६ हा आयपी द्यायचा, टीएफटीपी सर्व्हर (राउटरला फाइल देणारा छोटा प्रोग्राम) चालू करायचा, त्यात विकीवर दिलेल्या नेमक्या नावाने फाइल ठेवायची आणि रीसेट बटण दाबून धरून राउटर चालू करायचा, तो स्वतः फाइल ओढून घेतो. सगळ्या राउटरना अशी सोय नसते, काहींना डबा उघडून सिरीयल पिनांना वायर लावावी लागते, त्यामुळे मॉडेल निवडताना विकीवर रिकव्हरीचा भाग आधी वाचा, इन्स्टॉलचा नंतर.

चालू झाल्यावर नवीन माणूस जिथे हमखास घाबरतो ते म्हणजे वायफाय गायब. ते खराब झालेलं नसतं, साधारणपणे बंदच येतं. वायरने १९२.१६८.१.१ उघडायचं, युजर रूट, पासवर्ड काहीच नाही, पहिल्यांदा पासवर्ड ठेवायचा मग वायरलेसमध्ये जाऊन नाव, डब्ल्यूपीए२ किंवा ३, देश, आणि एनेबल. तुमच्या ओएनटीचा पत्ता पण १९२.१६८.१.१ असेल (बऱ्याच ठिकाणी असतो) तर दोघांची टक्कर होऊन नेट येणार नाही, आपल्या राउटरचा लॅन पत्ता १९२.१६८.२.१ असा काहीतरी बदलून टाका. पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने चालणारं कनेक्शन) असेल तर वॅनमध्ये, म्हणजे बाहेरच्या नेटच्या सेटिंगमध्ये, प्रोटोकॉल बदलून युजरनेम पासवर्ड टाकायचा, तो मूळ फर्मवेअर काढायच्या आधी लिहून ठेवा कारण केबलवाल्याला विचाराल तर "उद्या माणूस पाठवतो". मॅक बाइंडिंग (केबलवाल्याने लाइन एकाच राउटरच्या मॅक नंबरला बांधलेली) असेल तर जुन्या राउटरचा मॅक आहे तसा डिव्हाइसच्या सेटिंगमध्ये टाकता येतो.

लुसी, म्हणजे याचं वेब पान, दिसायला साधं आहे पण बटणं भरमसाट. इंटरफेस, डिव्हाइस, झोन हे शब्द पहिल्या दिवशी डोक्यावरून जातात आणि अधिकृत मोबाइल अॅप काही मिळत नाही, घरातल्या दुसऱ्या कुणाला "जरा वायफायचा पासवर्ड बदल" सांगितलं तर जमणार नाही. गेस्ट नेटवर्क कुठल्याही साध्या राउटरला एका टिकमध्ये होतं, इथे वेगळा इंटरफेस, वेगळा झोन, डीएचसीपी (डिव्हाइसना पत्ते वाटणं) आणि डीएनएसचे (साइटच्या नावावरून पत्ता शोधणं) नियम असं सगळं हाताने. एकदा झालं की पक्कं होतं, सीसीटीव्ही आणि स्मार्ट प्लग मी त्याच वेगळ्या नेटवर्कात कोंबलेत, ते आता घरच्या लॅपटॉपला बघू शकत नाहीत. पण ज्याला या गोष्टीत रस नाही त्याला हे शिक्षा वाटेल.

अॅडब्लॉक पॅकेज टाकलंय, छोटी यादी ठेवलीये कारण रॅम १२८ आहे, मोठ्या याद्या निवडल्या तर राउटर गुदमरतो. आईच्या मोबाइलवरच्या त्या पंचांगाच्या अॅपमधल्या जाहिराती गेल्या, यूट्यूबच्या जात नाहीत, कारण त्या व्हिडिओ येतो तिथूनच येतात आणि डीएनएसने त्या वेगळ्या काढता येत नाहीत. वायरगार्ड नावाचं व्हीपीएन पण आहे, बाहेरून घरच्या नेटवर्कात यायला, पण आपल्याकडे बहुतेक जण सीजीनॅटच्या मागे असतात (एकच बाहेरचा आयपी अनेक घरांत वाटलेला, त्यामुळे बाहेरून घरापर्यंत थेट येता येत नाही) त्यामुळे स्टॅटिक आयपीचे पैसे द्या नाहीतर आयपीव्ही६ वरून जमवा.

आता तो प्रोसेसर. १०० च्या प्लॅनला एसक्यूएमसकट सी७ आरामात चालतो. २०० च्या पुढे एसक्यूएम लावलं की प्रोसेसर १०० टक्के आणि स्पीड खाली. एसक्यूएम नको म्हटलं तरी गिगाबिट प्लॅनला हा पुरणार नाही, कारण मूळ फर्मवेअरमध्ये हार्डवेअर नॅट असतं (पॅकेटं पुढे ढकलायचं काम प्रोसेसरऐवजी चिपचा वेगळा भाग करतो), ओपनडब्ल्यूआरटीमध्ये या चिपला ते नाही, सगळं काम बिचाऱ्या त्या एका कोरवर. प्रोसेसरचा भार थोडा कमी करणारी सॉफ्टवेअर ऑफलोडिंगची टिक आहे, तिने फरक पडतो, पण ती आणि एसक्यूएम एकत्र नीट चालत नाहीत. म्हणजे मोठ्या प्लॅनवाल्यांनी सी७ वर हे केलं तर नेट आधीपेक्षा हळू होईल आणि शिव्या मला देतील. त्यांच्यासाठी मीडियाटेकचे फिलॉजिक चिपवाले राउटर बघा. प्रोजेक्टवाल्यांनी स्वतःचा ओपनडब्ल्यूआरटी वन पण काढलाय, २०२४ च्या शेवटी, ८९ डॉलरला केससकट, १ जीबी रॅम, वायफाय ६, वॅन २.५ गिगाबिट, आणि रिकव्हरीसाठी वेगळी फ्लॅश चिप असल्यामुळे तो मारून मरत नाही. लॅन पोर्ट मात्र एकच, आणि बाहेरून मागवायचा म्हणजे कस्टम्स धरा.

अपग्रेड करताना सिसअपग्रेडमध्ये सेटिंग राहतात पण वरून टाकलेली पॅकेजं उडतात, एसक्यूएम गेलं की घरच्यांना लगेच कळतं. अटेंडेड सिसअपग्रेड वापरलं तर तुमच्या पॅकेजांसकट नवीन इमेज तयार होऊन येते, तेच करा. बॅकअपची फाइल तरी उतरवून ठेवा.

डीडी-डब्ल्यूआरटी हे असंच दुसरं फर्मवेअर पण वापरून बघितलंय, ब्रॉडकॉमवाल्यांना तेच बरं, पण कुठली बिल्ड घ्यावी हे विचारायला लोकांच्या मागे लागावं लागतं, मला ते नको झालं. असूसचा राउटर असेल आणि तुमच्या मॉडेलला चालत असेल तर मर्लिन नावाचं फर्मवेअर टाका, त्यात दिसायला मूळचंच पान राहतं आणि सोयी वाढतात, घरच्यांना फरक पण कळणार नाही.

सी७ आता सेकंडहँडच घ्या, नव्याचे पैसे देण्यात अर्थ नाही. घेताना विकणाऱ्याकडून खालच्या स्टिकरचा फोटो मागवा ज्यात व्हर्जन स्पष्ट वाचता येतं, मूळ अॅडॉप्टर आहे का विचारा, आणि चालू करून पाचही पोर्टला वायर लावून बघा. व्हर्जन २, ४, ५ यातलं कुठलंही चालेल. विकणारा म्हणाला की "एक पोर्ट बंद आहे पण वायफाय एकदम मस्त" तर तिथूनच परत या.