लाल टोपीवाली बसवायची तर कुणाची, पेरोची की ग्रिमची?

गॅदरिंगला बालनाट्य करायचंय आणि लाल टोपीवालीच (लिटल रेड रायडिंग हूड, आजीकडे निघालेली पोरगी आणि लांडगा) करू असं ठरलं असेल तर स्क्रिप्ट लिहायला घेण्याआधी कुठली लाल टोपीवाली ते बघा, कारण निदान दोन आहेत आणि दोघींचा शेवट एकदम वेगळा. आमच्या गोव्यात फोंडा-डिचोली साइडला बहुतेक जण लहानपणी ऐकलेली मिक्स गोष्ट घेऊन सुरू करतात आणि मग लांडगा आजीला खातो की कपाटात कोंडतो यावर तालमीत वाद.

शार्ल पेरो या फ्रेंच लेखकाची १६९७ची. त्यात लांडगा आजीला खातो, मग पोरीला अंथरुणात बोलावतो, ती कपडे काढून जाते, ते "आजी, तुझे दात केवढे मोठे" होतं आणि तिलाही खातो, खेळ खल्लास. शिकारी वगैरे कोणी येत नाही. खाली पद्यात बोध, की सुंदर पोरींनी कुणाचंही ऐकू नये आणि गोडबोले लांडगे सगळ्यांत डेंजर. म्हणजे लांडगा हा चक्क पुरुष, प्रतीक उलगडायला काही शिल्लकच ठेवलं नाही. कॉलेजच्या पोरांना एकांकिकेसाठी भारी मटेरियल आहे, पण चौथीच्या मुलांना घेऊन कसं करणार, पालक मारायला धावतील.

जर्मन ग्रिम बंधूंची १८१२ची. इथे आई आधीच बजावते की वाट सोडू नकोस, पोरगी फुलं गोळा करत वाट सोडते, लांडगा दोघींना गिळतो, शिकारी कात्रीने पोट फाडून दोघींना जिवंत काढतो आणि लांडग्याच्या पोटात दगड भरतात. आर्किटाइप (गोष्टींत पुन्हा पुन्हा येणारी ठरावीक पात्रं) शोधणाऱ्यांची तर चंगळच, भोळं मूल, आजी, अंगावर येणारी काळी बाजू म्हणजे लांडगा, सोडवणारा बाप म्हणजे शिकारी, आणि पोटातून बाहेर येणं म्हणजे दुसरा जन्म. स्टेजवरही हे छान दिसतं, दोन पोरं काळ्या चादरीत घुसवली की झालं पोट.

फक्त लाल टोपीवर फार लोड टाकू नका. एरिक फ्रॉम या मनोविश्लेषकाने १९५१मध्ये टोपीचा लाल रंग म्हणजे मासिक पाळी असा अर्थ लावला होता, त्यावर रॉबर्ट डार्न्टन या इतिहासकाराने नंतर बरोबर बोट ठेवलं, की फ्रेंच शेतकऱ्यांच्या तोंडी असलेल्या गोष्टीत मुळात लाल टोपीच नाही! दगडही नाहीत. त्या गोष्टीच्या काही रूपांत पोरगी "परसाकडे लागलीय" म्हणून बाहेर पडते, लांडगा पायाला दोरी बांधून सोडतो, ती दोरी झाडाला बांधून पळते. (आपल्या भोपळ्यातल्या म्हातारीची बहीणच शोभेल, तीही "लेकीकडे जाईन, तूप-रोटी खाईन" सांगून सुटते, तिला कुठला शिकारी लागला.) पण त्यातल्या काही रूपांत पोरगी नकळत आजीचं मांस खाते, तेव्हा शाळेसाठी तीही बाद.

माझं मत विचाराल तर ग्रिम, पण शिकाऱ्याचा भाग छोटा करा आणि जोर द्या दुसऱ्या लांडग्यावर. हा भाग पुष्कळांना माहीतच नसतो, पोरांच्या पुस्तकांतून तो गळतो. पोरगी परत आजीकडे निघते, दुसरा लांडगा वाटेत भेटतो, ह्यावेळी ती वाट सोडत नाही, सरळ आजीकडे जाऊन सगळं सांगते, दोघी दार लावून गप्प बसतात. लांडगा छपरावर जाऊन दबा धरतो, मग आजी सांगते की काल सॉसेज उकडलेलं पाणी दारातल्या दगडी डोणीत ओत, पोरगी बादल्या भरभरून ओतते, वास घेत घेत लांडगा मान लांबवतो, घसरतो आणि डोणीत बुडून मरतो. बाप नाही, बंदूक नाही, आजीची अक्कल आणि नातीचे हात, बस. पहिल्या भागात आजी नुसती गिळली जाते, इथे ती खरी जाणती म्हातारी होते, त्यामुळे आजीचा रोल करणाऱ्या मुलीलाही काहीतरी काम मिळतं.

आणि गोव्यात सॉसेजचा वास समजावत बसायला नको, लांडग्याने नाक वर करून नुसतं "चोरीस!" (आपलं गोव्याचं सॉसेज) म्हटलं की हॉल हसणार. शाळेत ते नको वाटलं तर सुक्या सुंगटांचं (कोळंबीचं) करा, तेवढंच चालेल. छपरासाठी दोन बाकं एकावर एक नका ठेवू, लांडग्याला खरोखर पडायचंय, एकच बाक आणि खाली गादी पुरते.