जुन्या घराला एनरफिट सर्टिफिकेट घेतलं, त्याचा पूर्ण अनुभव

जुनं घर आतून-बाहेरून दुरुस्त करायला काढलं तेव्हाच ठरवलं होतं की एवढा खर्च होतोच आहे तर एनर्जीचं सर्टिफिकेट पण घ्यायचं, पण कुठलं घ्यायचं यातच दोन महिने गेले. शेवटी घेतलं ते एनरफिट, म्हणजे पॅसिव्ह हाऊस या कमी ऊर्जेच्या घरांच्या जर्मन मानकाचं जुन्या घरांसाठीचं सर्टिफिकेट. नावं भरपूर आहेत आणि प्रत्येक सल्लागार त्याला जे येतं तेच बेस्ट म्हणून सांगतो. आम्ही पहिल्यांदा ज्याच्याशी बोललो त्याने तर घर न बघताच सांगितलं, ड्रॉइंग पाठवा, सर्टिफिकेट मिळवून देतो. मी विचारलं, काम झाल्यावर घर तपासायला कोण येणार? तर म्हणे त्याची काही गरज नसते. तिथेच मन उडालं. आणि तेव्हापासून माझा प्रश्न एकच झाला, की बांधून झालेल्या घरावर प्रत्यक्ष मोजमाप कोण करायला लावतं.

लीड (LEED) हे पर्यावरणपूरक इमारतींचं अमेरिकन सर्टिफिकेट बघितलं. 110 पैकी 40 पॉइंट मिळाले की सर्टिफाइड, 80 किंवा जास्त मिळाले की प्लॅटिनम. पण त्यात जागा कुठे आहे, पाणी किती वापरता, मटेरियल कुठलं या सगळ्याचे पॉइंट असतात, म्हणजे एकूण घर चांगलं आहे हे कळतं पण गरम-थंड ठेवायला किती युनिट लागणार हे त्या एका पाटीवरून कळत नाही. वर्ल्ड बँक ग्रुपच्या आयएफसी या संस्थेचं एज (EDGE) सर्टिफिकेट पण बघितलं, ते मला खरंच आवडलं. सॉफ्टवेअर फुकट, समजायला सोपं, ऊर्जा, पाणी आणि मटेरियल या तिन्हीत 20 टक्के बचत दाखवायची, आणि फायनल सर्टिफिकेटच्या आधी साइटवर ऑडिट होतं. मोठ्या प्रोजेक्टमध्ये फ्लॅट घेत असाल तर बिल्डरला एज आहे का हे जरूर विचारा. फक्त ती बचत त्या भागातल्या नेहमीच्या बांधकामाशी तुलना करून काढलेली असते, आणि मला तुलना नको होती, सरळ आकडा हवा होता.

तो आकडा पॅसिव्ह हाऊसमध्ये मिळतो. याचं पहिलं घर जर्मनीत डार्मश्टाटला 1991 साली पूर्ण झालं. नियम असा की घर गरम ठेवायला वर्षाला दर चौरस मीटरमागे 15 युनिटपेक्षा जास्त लागता कामा नये, आणि फटींतून हवेची गळती तासाला घरातल्या एकूण हवेच्या 0.6 पटीच्या आत. नवीन घर बांधणाऱ्यांनी डोळे झाकून याच्याच मागे लागावं असं माझं मत आहे, कारण घराची दिशा, आकार, खिडक्या सगळं तुमच्या हातात असतं. जुन्या घरात ते नसतं, पाया आणि भिंती आहेत तिथेच राहणार, म्हणून पॅसिव्ह हाऊसवाल्यांनी एनरफिट वेगळं काढलंय. त्यात गळती 1.0 पर्यंत चालते, गरम ठेवायच्या ऊर्जेची मर्यादा हवामानाप्रमाणे बदलते, आणि ते जमतच नसेल तर भिंत, छप्पर, खिडकी असा एकेक भाग ठरलेल्या दर्जाचा करून पण पास होता येतं. पैसे एकदम नसतील तर टप्प्याटप्प्याने करायचा प्लॅन पण आधी मंजूर करून घेता येतो.

आता ब्लोअर डोअर टेस्ट, म्हणजे ही गळती मोजायच्या चाचणीबद्दल, कारण माझ्या मते सगळ्या सर्टिफिकेटचा जीव यातच आहे. दाराच्या चौकटीत कापड ताणून मोठा पंखा बसवतात आणि आतली हवा बाहेर ओढून 50 पास्कलचा फरक तयार करतात, मग उलटं, बाहेरून आत. तासाभरात घराच्या एकूण हवेच्या कितीपट हवा फटींतून जाते तो आकडा येतो. आमचा पहिला आकडा 3.8 आला! गवंडी, प्लंबर, इलेक्ट्रिशियन सगळे तिथेच उभे होते आणि टेक्निशियनने आम्हाला फक्त हात फिरवायला सांगितलं. स्विचबोर्डमधून वारा, पाइप भिंतीतून जातो तिथे वारा, खिडकीच्या चौकटीच्या खाली तर चक्क झुळूक. त्या दिवसानंतर इलेक्ट्रिशियन भोक पाडायच्या आधी विचारायला लागला. दोन वेळा परत सील करून शेवटी 0.9 आला, तेव्हा मला खरंच रडू आलं.

घर एवढं बंद केल्यावर गुदमरणार नाही का असं सगळे विचारतात. नाही, उलट हवा चोवीस तास बदलत असते. बाहेर जाणाऱ्या हवेतली उष्णता आत येणाऱ्या ताज्या हवेला देणारं मशीन असतं, पॅसिव्ह हाऊसला त्याची कार्यक्षमता निदान 75 टक्के लागते. फिल्टर मात्र वेळेवर बदला. उन्हाळ्याचा पण हिशोब असतो, नुसत्या नैसर्गिक मार्गाने घर थंड ठेवणार असाल तर वर्षातल्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त तास आत 25 डिग्रीच्या वर जाता कामा नये, म्हणून आम्हाला खिडक्यांना बाहेरून शेड लावाव्या लागल्या.

त्रास काय झाला तर कागदपत्रं. पीएचपीपी नावाच्या पॅसिव्ह हाऊसच्या हिशोबाच्या एक्सेलमध्ये प्रत्येक खिडकीचं माप, प्रत्येक थर्मल ब्रिज (म्हणजे इन्सुलेशन तुटून उष्णता सहज निसटते ती जागा) भरावा लागतो, आमच्या बाल्कनीच्या स्लॅबनेच तीन आठवडे खाल्ले. आणि तपासणारा सर्टिफायर डिझाइन करणाऱ्यापेक्षा वेगळा असतो, तो प्रत्येक गोष्टीचा पुरावा मागतो. आम्ही एका भिंतीच्या इन्सुलेशनचे फोटो काढायचे विसरलो, ती भिंत परत उघडावी लागली. म्हणून सर्टिफायर काम सुरू व्हायच्या आधीच ठरवा, भिंत बंद व्हायच्या आधी फोटो काढा, आणि पहिली ब्लोअर डोअर टेस्ट सगळे जोड आणि सील अजून उघडे दिसत असतानाच करून घ्या, आमची फिनिशिंगनंतर झाली आणि नवा रंग दोन खोल्यांत परत द्यावा लागला.