तालुक्याच्या दवाखान्यातली हृदय ज्योती: आमचा अनुभव

कर्नाटक सरकारच्या हृदय ज्योती योजनेत हार्ट ॲटॅकचं इंजेक्शन तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, त्याचा हा अनुभव. जुलैत लावणी चालू असताना आप्पांच्या छातीत कळ आली. वय 61. पित्त असेल म्हणून ओवा-मीठ दिलं, पाठ चोळली, त्यात दीड तास गेला. डावा हात जड पडला, दरदरून घाम सुटला, तेव्हा कुठं शेजारची जीप काढली. फोनवर सगळे पाहुणे एकच सांगत होते, "थेट कोल्हापूरला न्या, तिकडं फुकट होतं." महाराष्ट्रानं 2023 मध्ये कर्नाटकातल्या सीमाभागातल्या 865 गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू केली, हे खरं. पण बेळगावहून कोल्हापूर शंभरावर किलोमीटर, आणि आम्ही अजून जंगलाच्या रस्त्यावर. ड्रायव्हरनं कुणाचं न ऐकता गाडी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात घातली. त्याचे उपकार फिटणार नाहीत.

सिस्टरनं आप्पांच्या छातीवरचा शेतातला चिखल पुसून काढला आणि ईसीजी घेतला. तो लगेच ऑनलाइन तज्ज्ञांकडे गेला. कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार 2021 मध्ये अवघ्या 46 व्या वर्षी हृदयविकारानं गेले, त्यांच्याच नावाची ही हृदय ज्योती योजना. ॲटॅकच होता. डॉक्टरांनी विचारलं, डोक्यात कधी रक्तस्राव झालाय? हल्ली ऑपरेशन? वजन किती? रक्ताची गाठ विरघळवणाऱ्या टेनेक्टेप्लेज या औषधाचा डोस वजनावर ठरतो. काजू घालायला गेलो होतो तेव्हा आप्पा व्यापाऱ्याच्या काट्यावर उभे राहिले होते, 58 किलो, ते मला आठवलं. शिरेतून एकच इंजेक्शन, काही सेकंदांत संपलं. बाहेर ते हजारोंच्या घरात जातं, इथं एक रुपया लागला नाही. तासाभरात कळ ओसरली.

बारा वर्षांपूर्वी चुलत्यांना असंच झालं, तेव्हा जवळपास कुठं ईसीजीसुद्धा निघाला नाही. हृदयविकारानं जगात जेवढे जातात, त्यातले तीन-चतुर्थांशांहून जास्त गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले असतात. आमचे चुलते त्यातलेच.

तक्रारी आहेत. संमतीचा कागद फक्त कन्नडमध्ये होता, सिस्टरनं मराठीत समजावला म्हणून सही केली. बेळगावला हलवायला ॲम्ब्युलन्सची पाऊण तास वाट बघितली. तिथल्या एका खासगी हॉस्पिटलनं कार्ड बघायच्या आधी डिपॉझिट मागितलं, आईच्या पाटल्या गहाण पडल्या.

तरी सांगतो, कळ आली की आधी तालुक्याचा दवाखाना गाठा, कोल्हापूर-बेळगाव नंतर. आणि निघताना ईसीजीचा कागद मागून घ्या, पुढचा डॉक्टर पहिल्यांदा तोच मागतो.