एसएसडी (फिरत्या चकतीऐवजी चिपमध्ये साठवणारी डिस्क) टाकून आठ महिने झाले: लॅपटॉप स्लो होता त्यात विंडोजचा दोष नव्हताच

घरातला लॅपटॉप २०१८ मध्ये घेतलेला, सातव्या जनरेशनचा आय३, ४ जीबी रॅम आणि १ टीबीची ५४०० आरपीएमवाली (मिनिटाला ५४०० फेरे घेणारी) हार्डडिस्क. बायकोला शाळेचं काम असलं की ती बटण दाबून कुकर लावायला जायची, तीन शिट्ट्या झाल्या की डेस्कटॉप दिसायचा पण क्लिक काही घ्यायचा नाही. दुकानवाल्याचं उत्तर ठरलेलं, विंडोज नव्याने मारू. दोनदा मारून झाली, आठवडाभर बरं चालायचं आणि मग ये रे माझ्या मागल्या.

शेवटी स्वतःच टास्क मॅनेजर (मशीनचा कुठला भाग किती राबतोय ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडून बसलो. डिस्क १००% आणि वेग बघितला तर सेकंदाला जेमतेम २ एमबी! आधी कळेचना, मग डोक्यात प्रकाश पडला की बारीक बारीक फायली डिस्कभर विखुरलेल्या असतात आणि त्या वाचणाऱ्या हेडला प्रत्येकीसाठी इकडून तिकडे पळावं लागतं, अशा उड्या सेकंदाला शंभरसुद्धा होत नाहीत, म्हणजे बिचारी डिस्क दमलेली पण काम मात्र काहीच पुढे सरकत नाही.

एवढं दिसत असून मी आधी रॅम घेतली, कारण स्वस्तात पडेल असं वाटलं. ४ चे ८ जीबी झाले, क्रोमचे टॅब बदलताना अडकायचं ते कमी झालं (रॅम भरली की विंडोज उरलेलं ओझं हार्डडिस्कवरच टाकते ना), पण चालू व्हायला चार मिनिटं ती चारच.

मग दिवाळीत ४८० जीबीची अडीच इंची साटा (म्हणजे हार्डडिस्कच्याच जागी, त्याच जोडणीवर बसणारी) एसएसडी घेतली. एनव्हीएमई (त्याहून वेगवान प्रकारची एसएसडी) घे म्हणून सांगणारे भेटले, पण आमच्या मशीनला तो स्लॉटच नाही, आणि हार्डडिस्कवरून साटावर येण्यातच खरी गंमत आहे. चार मिनिटांचे २५ सेकंद झाले. बायको म्हणाली, नवीन घेतलास की काय आणि मला सांगितलं नाहीस.

एप्रिलमध्ये पुन्हा रडगाणं. दुपारी दोन वाजले की माऊस अडकायचा. एसएसडी गंडली असं धरून चाललो होतो, पण डिस्क ४-५% वर निवांत, सीपीयू १००% आणि २.३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर ०.८ वर रांगतोय. तापमान ९६ अंश, म्हणजे तापल्यामुळे तो स्वतःच वेग कमी करत होता. खालचं झाकण काढलं तर पंखा आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकच्या जाळीमध्ये धुळीची अक्षरशः गोधडी, प्रोसेसरवरची उष्णता पुढे नेणारी पेस्ट खडूसारखी वाळलेली. धूळ काढली, पेस्टही नवी लावली, आता ७२-७५ च्या वर जात नाही. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर भन्नाट फिरून बेअरिंगचं वाटोळं होतं.

जुनी हार्डडिस्क बाहेरून जोडायच्या केसिंगमध्ये घालून फोटोंना वापरणार होतो, पण डिस्कची तब्येत सांगणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोने पिवळा कॉशन दाखवला, पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणारे, संशयित भाग) निघाले. हे मी दोन वर्षं आधी बघायला हवं होतं, विंडोज मारायचे पैसे तरी वाचले असते.

आता अडचण एकच, सातव्या जनरेशनला विंडोज ११ अधिकृतपणे मिळत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट (विंडोजऐवजी वापरायची दुसरी सिस्टीम) चालवून बघतोय, झकास पळतं, पण बायकोच्या निकालाच्या एक्सेल शीट त्यात नीट उघडतायत का ते बघितल्याशिवाय हात लावायचा नाही असा घरचा हुकूम आहे.