एमआरआयच्या भीतीवर व्हीआर आणि समुपदेशन : माझा अनुभव

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या लूमवर मी ३१ वर्षं जॉबर, म्हणजे लूम दुरुस्त करून चालता ठेवणारा, होतो. कमरेतून डाव्या पायात कळ उतरायला लागली म्हणून हाडांच्या डॉक्टरांनी एमआरआय सांगितला. फेब्रुवारीत एका ठिकाणी गेलो. टेबल आत सरकलं आणि वरचं छत नाकाला टेकतंय असं वाटलं. 'थांबवा' सांगायला हातात दिलेला फुगा दोन मिनिटांत दाबला. बाहेर काढणारा मुलगा म्हणाला, "काका, लहान पोरंसुद्धा करतात हे." पैसे गेले, रिपोर्ट नाही, आणि वर हे ऐकून घ्यायचं. पुढचे तीन महिने गोळ्यांवर काढले.

मग पुतणीने होटगी रोडवरच्या या सेंटरचं सांगितलं. इथे आधी समुपदेशन होतं, नंतर व्हीआरचा चष्मा लावून सराव. या चष्म्यात खोटी जागा खऱ्यासारखी चहूबाजूंनी दिसते. मला वाटलं होतं, गेल्या गेल्या चष्मा चढवतील. पहिल्या दिवशी तो कपाटातच राहिला. समुपदेशन करणाऱ्या मॅडमनी पाऊण तास फक्त ऐकलं. दहा वर्षांचा असताना मी कन्ना चौकाजवळच्या एका सुताच्या गोदामात गाठींच्या मागे लपलो होतो. वॉचमन कुलूप लावून गेला आणि अंधार पडेपर्यंत मी आतच. हे मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. फेब्रुवारीतल्या त्या स्कॅनवाल्या मुलाला एका वाक्यात निकालात काढता आलेली भीती कुठून आली, हे तिथे पहिल्यांदा कुणीतरी नीट विचारलं.

दुसऱ्या सत्रात चष्मा लागला. समोर हुबेहूब एमआरआयची खोली, कानात मशीनचा आवाज. आधी दारात उभं राहायचं, मग टेबलावर, मग कमरेपर्यंत आत, मग डोकं आत. प्रत्येक पायरीला मॅडम विचारायच्या, "काका, भीती शंभरात किती?" आकडा उतरल्याशिवाय पुढे नेत नाहीत. डोकं आत गेलं तेव्हा मी ८५ म्हणालो आणि चष्मा काढा म्हणालो. त्यांनी पट्ट्याला हात लावून ठेवला. "काढते. त्याआधी एक श्वास सावकाश सोडा. आणि मला सांगा, हा आवाज कुठल्या लूमसारखा आहे?"

आवाजाची मला भीती नव्हतीच, मागात आडवं सूत नेणाऱ्या धोट्याच्या खडखडाटात जन्म गेला. मी कान दिला. ठोके एकसारखे पडत होते, मध्ये थोडी उसंत, परत ठोके. धोटा अडकला की ठोका असा सरळ येत नाही. म्हटलं, लूम व्यवस्थित चाललाय, हात लावायची गरज नाही. हे बोलेपर्यंत आकडा ६० वर आला होता, आणि आणखी काही मिनिटांनी ४० वर. चष्मा मी काढायला लावलाच नाही. मॅडमनी नंतर समजावलं की भीती चढते तशी उतरतेही, पण आपण दर वेळी चढावावरूनच पळतो, त्यामुळे उतार कधी बघतच नाही. माझ्या डोक्यात हे कायमचं बसलं.

एक गोष्ट आधी माहीत असू द्या. खऱ्या मशीनमध्ये हा चष्मा नेता येत नाही, तिथलं चुंबक फार जोरदार असतं. जळलेल्या रुग्णांचं ड्रेसिंग करताना मात्र चष्मा डोळ्यांवरच असतो. अमेरिकेत सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हॉफमन आणि पॅटरसन यांनी त्यासाठी बर्फाच्या दरीत फिरवणारा 'स्नोवर्ल्ड' तयार केला. मन बर्फात गुंतलं की दुखण्याकडे कमी जातं. या चष्म्याने एमआरआयला तसं करता येत नाही. तिथे सराव बरोबर न्यायचा.

जूनमध्ये दुसऱ्या सेंटरला स्कॅन झाला. मॅडमच्या सांगण्यावरून मी आधीच फोन करून पाय आधी आत घ्याल का असं विचारलं होतं. कमरेच्या स्कॅनला ते जमतं. डोळ्यांवर रुमाल, हातात फुगा, आणि मी ठोके मोजत पडलो. पंचवीसेक मिनिटं लागली. मधे एकदा ५० पर्यंत चढलं, उतरलं. चौथ्या-पाचव्या मणक्यातली चकती सरकलीय, ऑपरेशन सध्या नको, व्यायाम करा असं डॉक्टर म्हणाले. हे फेब्रुवारीतच कळायला हवं होतं.

आता तक्रारी. सेंटर दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट दोन माणसांची. बंद जागेला घाबरणारा माणूस लिफ्टमध्ये कसा जाणार, आणि कंबर धरलेला जिना कसा चढणार? खाली एक खोली घ्या, कळकळीने सांगतो. चष्म्यात मान पटकन वळवली की मळमळतं, भरल्या पोटी जाऊ नका. एका सत्राचे ७०० रुपये. माझ्या मेडिक्लेममध्ये बसले नाहीत, तरी वाया गेलेल्या स्कॅनपुढे ते कमीच.

सगळ्यात मोठी उणीव म्हणजे चष्म्यातला सूचना देणारा आवाज इंग्रजीत आहे. मॅडम शेजारी बसून मराठीत सांगतात म्हणून माझं निभावलं. पण आमच्या पूर्व भागात घरोघरी तेलुगू बोलतात. माझ्या मेहुणीला सुईची भीती आहे, रक्त द्यायचं म्हटलं की चक्कर येऊन पडते, आणि मराठी तिला जेमतेम कळतं. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, "काका, तेलुगूत वाक्यं तुम्हीच म्हणून द्या, मी रेकॉर्ड करते." येत्या गुरुवारी दुपारी चारला जाणार आहे. 'श्वास सावकाश सोडा' याला आमच्या घरात जसं म्हणतात तसंच म्हणायचं ठरवलंय. मेहुणीची वेळ त्यानंतरची आहे.