एसई/३० वर सिस्टिम ७.१ : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

ॲपलचा मॅकिन्टॉश एसई/३० हा संगणक, १९८९ साली बाजारात आलेले यंत्र, मी आजही लेखनासाठी नियमित वापरतो. त्यात १६ मेगाहर्ट्झचा ६८०३० प्रोसेसर आहे आणि पडदा नऊ इंची, काळा-पांढरा, ५१२ × ३४२ ठिपक्यांचा आहे. त्यावर सिस्टिम ६.०.८ ही ॲपलची कार्यप्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) होती, ती काढून काही महिन्यांपूर्वी १९९२ सालची सिस्टिम ७.१ बसवली. बसवताना काहीही अडले नाही, नंतरही यंत्राने कामात दगा दिलेला नाही. पुढे ज्या गोष्टी लिहिल्या आहेत त्या सगळ्या किरकोळ आहेत; मात्र त्या रोज आड येतात, आणि नवी सिस्टिम बसवण्याचा विचार करणाऱ्याला त्या आधी ठाऊक असाव्यात असे मला मनापासून वाटते.

बहुतेक तक्रारींचे मूळ एकच आहे. सिस्टिम ६ मध्ये मल्टिफाइंडर, म्हणजे एका वेळी अनेक प्रोग्रॅम चालवू देणारी सोय, ऐच्छिक होता. तो बंद ठेवला की एका वेळी एकच प्रोग्रॅम चाले, सगळी मोकळी मेमरी त्यालाच मिळे आणि तो प्रोग्रॅम बंद केल्यावर फाइंडर, म्हणजे फाइली आणि फोल्डर दाखवणारा प्रोग्रॅम, पुन्हा समोर येई. सिस्टिम ७ मध्ये ही निवडच उरलेली नाही. फाइंडर सदैव मागे चालूच असतो. कागदावर ही सुधारणा आहे, पण एवढ्याशा पडद्यावर तिचा जाच होतो. लेखनाच्या खिडकीच्या कडेला स्क्रोलबार असतो. तो पकडताना माउस जरासा बाहेर गेला की क्लिक डेस्कटॉपवर पडते आणि आपण नकळत फाइंडरमध्ये जाऊन पोहोचतो. लेखनाची खिडकी जागच्या जागी दिसत राहते, बदलतो तो फक्त वरचा मेनू. नजर कागदावर असताना टंकन चालू राहिले, तर फाइंडर त्या अक्षरांनी सुरू होणारी आयकॉन निवडत सुटतो, कारण नाव टाइप करून आयकॉन निवडण्याची सोय याच सिस्टिममध्ये नव्याने आली. त्यातच परिच्छेद संपवायला रिटर्न दाबले की निवडलेल्या आयकॉनचे नाव बदलण्यासाठी खुले होते आणि पुढचे शब्द थेट त्या नावात उमटतात. माझ्या एका टिपणाच्या फाइलला अशा रीतीने अर्ध्या वाक्याचे नाव मिळाले आणि ती शोधण्यात बराच वेळ गेला.

यावर उजव्या कोपऱ्यातल्या मेनूमधील ‘हाइड अदर्स’ हा उपाय आहे, पण तो अर्धाच आहे: इतर खिडक्या झाकल्या जातात, डेस्कटॉप मात्र तसाच राहतो आणि त्यावर पडलेले क्लिक फाइंडरकडेच जाते. १९९४ च्या ७.५ मध्ये मागचा डेस्कटॉप दिसेनासा करण्याची सोय ‘जनरल कंट्रोल्स’ या सेटिंगच्या पॅनेलमध्ये दिली गेली. परंतु ७.५ मेमरी आणखी खाते, आणि या यंत्रावर मला ते परवडण्याजोगे वाटत नाही.

मेमरीचा हिशेब ही दुसरी रोजची कटकट. आता प्रत्येक प्रोग्रॅमला सुरू होतानाच ठरावीक वाटा मिळतो आणि तो ‘गेट इन्फो’च्या खिडकीत आपणच ठरवायचा असतो. वाटा कमी पडला तर मोठी फाइल उघडत नाही, जास्त दिला तर दुसऱ्या प्रोग्रॅमला जागा उरत नाही. शिवाय दोन-तीन प्रोग्रॅम पुढेमागे सुरू करून बंद केले की मोकळी मेमरी तुकड्यांत विखुरते. ‘अबाउट धिस मॅकिन्टॉश’मध्ये ‘लार्जेस्ट अनयूज्ड ब्लॉक’ हा जो आकडा दिसतो तोच खरा. एकूण मोकळी मेमरी त्याहून कितीही जास्त असली तरी नवा प्रोग्रॅम त्या सर्वांत मोठ्या सलग तुकड्यात मावावा लागतो. माझा उपाय असा, की जो प्रोग्रॅम दिवसभर लागणार तो सर्वांत आधी सुरू करायचा आणि सर्वांत शेवटी बंद करायचा. आठ मेगाबाइटपेक्षा जास्त मेमरी बसवलेल्यांनी ‘मोड३२’ हे एक्स्टेन्शन (सिस्टिमला जोडायचा छोटा पूरक प्रोग्रॅम) अवश्य घ्यावे. या यंत्राचा रॉम, म्हणजे चिपमध्ये कायमचा कोरलेला मूळ प्रोग्रॅम, जास्त मेमरी हाताळायला लागणाऱ्या ३२-बिट पत्त्यांसाठी तयार नसल्यामुळे त्याविना आठच्या वरची सगळी मेमरी सिस्टिमच्याच नावावर खर्ची पडलेली दिसते आणि वापरता येत नाही.

कचरापेटीची सवयही बदलावी लागते. पूर्वी प्रोग्रॅम सुरू केला किंवा यंत्र बंद केले की ती आपोआप रिकामी होई. आता सांगितल्याशिवाय होत नाही. चुकून टाकलेली फाइल दुसऱ्या दिवशीही परत मिळते, हे मला फार आवडले. पण ८०० केबीच्या फ्लॉपीवर जागा करायची असेल, तर फाइल पेटीत टाकून भागत नाही, पेटी रिकामी करावी लागते आणि दर वेळी विचारणाऱ्या खिडकीला उत्तर द्यावे लागते. कचरापेटीच्या ‘गेट इन्फो’मध्ये ही विचारणा बंद करता येते. मी ती पहिल्याच आठवड्यात बंद केली.

काही जुने प्रोग्रॅम ७.१ वर चालत नाहीत, म्हणून ६.०.८ ची एक फ्लॉपी मी जवळ ठेवली आहे. तिच्यावरून यंत्र सुरू केले की नव्या सिस्टिममध्ये डेस्कटॉपवर ठेवलेल्या फाइली दिसत नाहीत. त्या हरवलेल्या नसतात. हार्ड डिस्कवर ‘डेस्कटॉप फोल्डर’ नावाचा एक साधा फोल्डर दिसू लागतो, त्यात त्या असतात. त्याच्या शेजारचा ‘ट्रॅश’ नावाचा फोल्डर म्हणजे नव्या सिस्टिमची कचरापेटी; तो नको म्हणून काढून टाकू नये.

तारखेचा त्रास मात्र चिवट आहे. आतली ३.६ व्होल्टची बॅटरी संपली की घड्याळ १९०४ किंवा १९५६ सालावर जाते. नवी बॅटरी घातली तरी ‘डेट अँड टाइम’ पॅनेल २०१९ च्या पुढचे वर्ष स्वीकारत नाही. खुद्द सिस्टिम फेब्रुवारी २०४० पर्यंतचे सेकंद मोजू शकते, म्हणजे अडचण केवळ त्या पॅनेलची आहे. तारीख लावणारा एखादा छोटा स्वतंत्र प्रोग्रॅम घेतला की काम होते.

इतके असूनही मी ७.१ काढलेली नाही. फॉन्ट आता फोल्डरमध्ये टाकला की बसतो, त्यासाठी ‘फॉन्ट/डीए मूव्हर’ हा वेगळा प्रोग्रॅम उघडावा लागत नाही. डाव्या कोपऱ्यातल्या सफरचंदाच्या मेनूत हवी ती फाइल ठेवता येते, आणि एलियासमुळे (मूळ फाइलकडे नेणाऱ्या आयकॉनमुळे) चार फोल्डरांच्या तळाशी असलेले टिपण त्या मेनूतून थेट उघडते. लेखनाच्या कामात या एका सोयीने माझा जेवढा वेळ वाचतो, तेवढा वरच्या सगळ्या कटकटी मिळूनही घेत नाहीत. मात्र माझ्या यंत्रात आठ मेगाबाइट मेमरी आहे. ज्यांच्याकडे चारच आहे त्यांनी आधी मेमरी वाढवावी, आणि ती मिळेपर्यंत ६.०.८ वरच काम करावे.