बीमला चीर गेली तेव्हा: स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या तपासणीचा अनुभव

हॉलमधल्या बीमच्या खालच्या बाजूला, अगदी मध्यावर, केसासारखी उभी चीर दिसली आणि आईची झोप उडाली. ठेकेदार म्हणाला, ‘पुट्टी भरून टाकू.’ मला ते पटेना, म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअर मॅडमना बोलावलं.

त्यांनी आधी छिन्नीने वीतभर प्लास्टर काढायला लावलं. चीर नुसती प्लास्टरला आहे की काँक्रीटला, हे त्याशिवाय कळत नाही. काँक्रीटलाच होती. मग पारदर्शक पट्टी चिरेवर धरून रुंदी मोजली: 0.1 मिमी.

हिशोब माझ्याच वहीत, माझ्यासमोर मांडला. आयएस 456 (काँक्रीट बांधकामाचं भारतीय मानक) प्रमाणे 0.7 गुणिले 20 चं वर्गमूळ, म्हणजे एम 20 काँक्रीट (दाबाखालची ताकद 20 न्यूटन प्रति चौरस मिमी) वाकताना साधारण 3.13 न्यूटन प्रति चौरस मिमी ताणाला तडकतं. आमचा बीम 230 बाय 450 मिमी, म्हणजे वजनाने बीमला वाकवणारा जोर (बेंडिंग मोमेंट) 24 किलोन्यूटन-मीटरच्या पुढे गेला की चीर जाणारच. दोन टेकूंमधलं चार मीटरचं अंतर, वर नऊ इंची भिंत आणि बीमचं स्वतःचं वजन, एवढ्यातच 29 किलोन्यूटन-मीटर भरले! स्लॅब अजून धरलाच नव्हता. तिथून पुढे ताण सळई घेते. सळया पुरेशा आहेत का, हे त्यांनी जुन्या ड्रॉइंगवरून तपासलं. चिरेची रुंदी 0.3 मिमीपर्यंत सहसा चालते, ओल असेल तिथे 0.2. टेकूजवळ, म्हणजे बीम जिथे खांबावर टेकतो तिथे, तिरकी चीर दिसली तर मात्र लगेच फोन करा, हे दोनदा बजावलं.

लेखी अहवाल आठवडाभर उशिरा आला, एवढीच तक्रार. पाच तारे. आई पुन्हा हॉलमध्येच झोपायला लागली आहे.